विहाराचे दार

(संघाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी विश्रांतवाडी येथे केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविण्यात आली होती. आम्ही ‘विहार’ हा विषय घेतला. आपल्या उपनगरात एखाद्या निळ्या कमानीच्या आत, बोळाच्या टोकाशी, बुद्धमूर्ती असलेली लहानमोठी वास्तू आपल्या मुलांना जन्मापासून दिसत आली आहे. त्यामुळे ती तेथे नेहमीच होती, असे त्यांना वाटते. ती नेहमीच नव्हती. ती कशी आली, कोणाच्या कष्टाने आली आणि आज आपल्या हातून तिचे काय होत आहे, याची आठवण वर्षातून एकदा तरी आपली आपणच करून घ्यावी, एवढाच आमचा हेतू आहे. आम्ही पंडित नाही. जे वाचले, वडीलधाऱ्यांकडून ऐकले आणि डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगणार आहोत.

आपण ज्या जागी राहतो, तिच्याकडे प्रथम पाहू. विश्रांतवाडीच्या एका अंगास येरवड्याचा तुरुंग आहे. 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करारावर सह्या झाल्या, त्या तेथेच. दुसऱ्या अंगास आळंदीचा रस्ता आहे. दरवर्षी ज्येष्ठ महिन्याच्या वद्य पक्षात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच रस्त्याने दिघीवरून आपल्या दारात येते, घटकाभर विसावते आणि पुण्याकडे जाते. आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या-पणज्या पायी वारीला गेलेल्या आहेत. टाळ त्यांच्या हातात होते, अभंग त्यांच्या ओठांवर होते, पायांना फोड सर्वांच्या बरोबरीने येत होते. परंतु पंढरीस पोहोचल्यावर त्यांची वारी महाद्वारासमोर, चोखोबांच्या समाधीपाशी संपत असे. दीडशे कोसांवरून आलेल्या माणसाला शेवटची चार पावले टाकण्याची मुभा नव्हती. आपल्या समाजाची धर्माशी असलेली गाठ ही अशी एका दाराशी बांधलेली होती. म्हणून विहाराची कथा दारापासूनच सुरू करावी लागते.

ते दार उघडावे, यासाठी आपल्या माणसांनी थोडी धडपड केली नाही. पुण्यातच 13 ऑक्टोबर 1929 रोजी पर्वतीच्या देवळासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे आपले पुढारी त्यात होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखी अन्य समाजांतील मंडळीही खांद्यास खांदा लावून उभी होती, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दार मात्र उघडले नाही. पुढे 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आरंभला गेला आणि तो वर्षांमागून वर्षे चालला. तेथेही तोच अनुभव आला. आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असा निर्धार प्रकट केला. पर्वतीच्या पायथ्याशी उभे राहिल्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षे पूर्ण झाली होती.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. पुष्कळांची अशी समजूत असते, की देवळात घेतले नाही म्हणून आपल्या लोकांनी रागाने आपले वेगळे देऊळ बांधले. इतिहास तसे सांगत नाही. 1947 साली मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले आणि विठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यताच नष्ट केली. म्हणजे आपला पहिला विहार उभा राहिला, तेव्हा देवळांची दारे कायद्याने उघडी झालेली होती. हवे ते मिळाल्यावरही आपल्या लोकांनी दुसरे घर बांधावयास घेतले, ते कशासाठी? त्यांना नुसता प्रवेश नको होता. ज्या घरात शिरताना आपण कोण, असा प्रश्नच कोणी विचारणार नाही, असे घर त्यांना हवे होते.

असे घर आपल्यापासून काही फार दूर उभे राहिले नाही. ते याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याच्या लोहमार्गावर, देहूरोड येथे उभे राहिले. आपला हा भाग आणि देहूरोड यांचे नाते सांगावयास नको. खडकी, दापोडी, दिघी आणि देहूरोड या सगळ्या लष्कराच्या छावण्या, कारखाने आणि आगारे. गावकीचे काम सोडून आलेला आपला माणूस रोजंदारीसाठी येथे आला, पत्र्याच्या चाळीत राहिला, पगाराच्या दिवशी मुलांसाठी पाटी-पेन्सिल घेऊन घरी गेला. देहूरोडची वस्ती अशाच कष्टकऱ्यांची होती. तुकोबांचे देहू तेथून हाकेच्या अंतरावर. त्या वस्तीने एक मंदिर बांधावयास घेतले. ते मुळात चोखोबांचे व्हावयाचे होते, असे या भागातील जाणती मंडळी सांगत आली आहेत. आणि ते स्वाभाविकच होते. ज्याला पंढरीच्या दाराबाहेर ठेवले, त्याला निदान आपल्या घरात तरी आत बसवावे, ही भावना कोणाला कळणार नाही? परंतु बाबासाहेबांच्या विचाराने त्या वास्तूत भगवान बुद्धांची मूर्ती बसवावी असे ठरले.

बाबासाहेबांची प्रकृती त्या वेळी खालावलेली होती. डिसेंबर 1954 मध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी ब्रह्मदेशात रंगूनला गेले आणि परत आल्यावर रंगूनहून आणलेल्या मूर्तीची त्यांनी देहूरोडच्या विहारात 25 डिसेंबर 1954 रोजी स्वहस्ते प्रतिष्ठापना केली. तिथीकडे लक्ष द्या. याच 25 डिसेंबरला, 1927 साली, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या दिवशी जे नको ते जाळले गेले; सत्तावीस वर्षांनंतर त्याच दिवशी जे हवे ते बसविले गेले. या दोन दिवसांच्या मधली वाट किती लांब होती, हे आपल्या आजोबांच्या पिढीला विचारावे.

त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की सामान्य माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत बुद्धांची शिकवण सांगणारा एक ग्रंथ आपण लिहीत आहोत, आणि तो पुरा झाल्यावर आपण बौद्ध धर्म स्वीकारू. दुसरी अशी, की पंढरपूरचा विठोबा ही मुळात बुद्धाचीच मूर्ती आहे असे आपले मत आहे, आणि त्यावर प्रबंध लिहून तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढे वाचण्याचा आपला विचार आहे. तो प्रबंध पुढे झाला नाही. विठोबासंबंधीचे ते मत विद्वानांनी मान्य करावे की न करावे, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. आम्हांस त्यातली दुसरीच गोष्ट हृद्य वाटते. समोर बसलेल्या श्रोत्यांत वारीला जाणारी माणसे होती, माळकरी होते, चोखोबांचे अभंग पाठ असणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. तुमच्या बापजाद्यांची भक्ती खोटी होती, असे या माणसाने त्यांना सांगितले नाही. ज्याच्यासाठी तुम्ही एवढे चाललात, तो तुमचाच होता, असे त्याने सांगितले. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला याहून मोठे सांत्वन कोणते?

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. 4 मे 1955 रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली व लक्षावधी बांधवांना ती दिली. 6 डिसेंबर 1956 रोजी ते आपल्याला सोडून गेले. देहूरोडला ज्याचे अभिवचन दिले होते, तो ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत 1957 साली प्रसिद्ध झाला. तो छापून आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 1951 च्या शिरगणतीत महाराष्ट्रात बौद्ध म्हणून नोंदलेली माणसे अडीच हजारही नव्हती. 1961 च्या शिरगणतीत ती सत्तावीस लाख नव्वद हजारांच्या घरात गेली. 2011 मध्ये ती संख्या पासष्ट लाखांवर होती. या प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी दारात आलेल्या शिरगणतीच्या कारकुनाला ठाम आवाजात ‘बौद्ध लिहा’ असे सांगितले आहे. त्याची किंमतही मोजली आहे. बौद्ध म्हणवून घेणाऱ्याला अनुसूचित जातींच्या केंद्र सरकारी सवलती 1990 च्या कायदेदुरुस्तीपर्यंत मिळत नव्हत्या. चौतीस वर्षे आपल्या लोकांनी हे नुकसान सोसले.

लक्षावधी माणसे बौद्ध झाली, तेव्हा त्यांच्यासाठी विहार मात्र नव्हते, भिक्षूही फारसे नव्हते. त्या काळी आपल्या पुण्याच्या वस्त्यांतून विहार कसे वाढले, हे आपण पाहिलेलेच आहे. आधी एखाद्याच्या ओट्यावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर येई. पौर्णिमेला मेणबत्ती लावून त्रिशरण व पंचशील म्हटले जाई. पालीचा उच्चार चुके, पण कंठ दाटून येई. मग चार बांबू आणि पत्रे उभे राहत. रविवारी सुटीच्या दिवशी बाया घमेली उचलीत, पुरुष विटा रचीत. गवंडीही आपलाच, बिगारीही आपलाच. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून, नगर-सोलापुरातून जी कुटुंबे पुण्याच्या कडेला येऊन पडली, त्यांच्याही झोपड्यांच्या मधोमध एक झोपडी अशी राखून ठेवलेली असे. स्वतःच्या घराला दार नसलेल्या माणसांनी आधी विहाराला दार बसविले, ही गोष्ट आपण विसरू नये.

दापोडीचे उदाहरणही आपल्या शेजारचे आहे. आदरणीय संघरक्षित हे जन्माने इंग्रज असलेले भिक्षू बाबासाहेबांना प्रत्यक्ष भेटलेले होते आणि त्यांच्या निर्वाणानंतर महाराष्ट्रात गावोगाव फिरून त्यांनी आपल्या लोकांना धीर दिला होता. त्यांचे शिष्य लोकमित्र 1977 साली पुण्यास आले आणि 1979 साली त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम येथे सुरू झाले. 1990 मध्ये दापोडीस त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन महाविहार उघडला. तेथे ध्यानाचे व धम्माचे वर्ग भरू लागले. त्याच मंडळींनी वसतिगृहे, बालवाड्या, आरोग्याची कामे हाती घेतली. विहार म्हणजे केवळ मूर्तीचे घर नव्हे, तर विद्येचे व सेवेचेही घर होय, हे त्या कामाने पुण्यातील पुष्कळांच्या प्रत्ययास आणून दिले.

आणि ही काही नवी रीत नव्हे. देहूरोडच्या पुढे त्याच लोहमार्गावर मळवलीस उतरले, की एका हातास भाजे आणि दुसऱ्या हातास कार्ले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांची नावे दगडात खोदलेली आहेत. त्यात श्रेष्ठी आहेत, त्यात यवन आहेत, आणि दाराच्या बाजूला धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याचे नाव आहे. त्याने चैत्याचे दार दान दिले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. त्याने दार घडविले. राजाचे नाव विसरले तरी चालेल, पण दार घडविणाऱ्या सुताराचे नाव दगडावर राहावे, असे ज्या धर्माला वाटले, तो आपला धर्म आहे. परदेशी यवनाला खांब देता आला, सुताराला दार देता आले. तू कोणापैकी, असे तेथे कोणी विचारलेले दिसत नाही.

बंधुभगिनींनो, येथपर्यंत जे सांगितले ते अभिमानाचे होते. आता थोडे अप्रिय सांगावयाचे आहे, आणि ते सांगितल्यावाचून खाली बसलो तर आम्ही आपल्याशी प्रामाणिक राहणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका विहारात, तो कोणता हे सांगण्याचे कारण नाही, आम्ही संध्याकाळी बसलो होतो. दहावीचा एक मुलगा आला. घरात जागा नाही, विहाराच्या सभागृहात रात्री अभ्यासाला बसू द्याल का, असे त्याने विचारले. मुलगा शेजारच्या गल्लीतला होता, चेहऱ्याने माहीत होता. तेथील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, “कोणापैकी रे तू?” मुलाने जात सांगितली. ती आपली नव्हती. “समितीला विचारून सांगतो,” असे उत्तर मिळाले. मुलगा “बरं काका,” म्हणून निघून गेला आणि पुन्हा आला नाही. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. विहारासाठी त्यांनी आयुष्यभर झीज सोसली होती. आणि आम्ही? आम्ही तेथेच बसलो होतो. आम्ही काही बोललो नाही. पर्वतीच्या पायथ्याशी जो प्रश्न आमच्या आजोबांना विचारला गेला, तोच प्रश्न बुद्धमूर्तीसमोर विचारला गेला आणि आम्ही तो ऐकून घेतला. दगड मारणारे थोडेच असतात. गप्प बसणारे पुष्कळ असतात. त्या संध्याकाळी आम्ही त्या पुष्कळांत होतो. ही लाज आम्ही आजवर मनात बाळगली. आज ती आपल्यापुढे ठेवीत आहोत.

कोणी म्हणतील, आपला हा संघच मुळी एका समाजाचा आहे. त्याच्या सभासदत्वाच्या अर्जावर समाजाचे नाव लिहावे लागते. मग विहारापुरतेच निराळे बोलणे कसे शोभते? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आमचे उत्तर असे आहे. दाखल्यावर जात लिहावी लागते, ती हक्कासाठी. ज्या नावाने अन्याय झाला, त्याच नावाने न्याय मागावा लागतो. हा कायद्याचा व्यवहार आहे. मुलांच्या शिष्यवृत्त्या, विधवांना साहाय्य, लग्नकार्यात एकमेकांना आधार, यासाठी संघ हवा आणि तो राहील. पण कागदावरचे हे नाव विहाराच्या उंबऱ्यावर पादत्राणांबरोबर बाहेर काढून ठेवावयाचे असते. संघाची नोंदवही आणि विहाराचे दार या दोन वस्तू एक नव्हेत. त्या एक झाल्या, तर चोखोबांना बाहेर ठेवणाऱ्यांत आणि आपल्यांत अंतर ते काय उरले?

दुसरे अप्रिय असे, की आपले पुष्कळ विहार वर्षातले बहुतेक दिवस बंद असतात. 14 एप्रिल, वैशाखी पौर्णिमा, अशोक विजयादशमी, 6 डिसेंबर या दिवशी तेथे पाय ठेवावयास जागा नसते. एरव्ही दाराला कुलूप आणि किल्ली कोणा एकाच्या घरी. ते गावाला गेले, की बुद्धही कुलपात. शेकडो वर्षे बंद दारापुढे उभ्या राहिलेल्या समाजाने स्वतःच्या दाराला कुलूप लावावे, हे पाहून मन खिन्न होते. बाबासाहेबांनी तो ग्रंथ मूर्तीपुढे ठेवून फुले वाहण्यासाठी लिहिला नव्हता. तो सामान्य माणसाने वाचावा म्हणून लिहिला होता. विहार बंद राहिला, तर ग्रंथही बंद राहतो.

म्हणून संघाच्या कार्यकारी मंडळापुढे आणि सभासद कुटुंबांपुढे आम्ही चार साध्या सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली: ज्या विहाराशी आपल्या सभासदांचा संबंध आहे, त्याची किल्ली एका घरी न राहता तीन घरी राहावी, आणि त्यांतील एक घर तरुणांचे व एक भगिनींचे असावे.

दुसरी: आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या तीन महिन्यांत अनेक विहारांतून ग्रंथवाचन चालते, ते आपल्याकडे नेमाने व्हावे आणि वाचणारा प्रत्येक संध्याकाळी निराळा असावा. सातवीतल्या मुलीने अडखळत वाचले तरी चालेल. पालखी आपल्या रस्त्याने पुढे जाते आणि थोड्याच दिवसांनी वर्षावास सुरू होतो. आपल्या आज्या चालत होत्या, आपण निदान बसून वाचू या.

तिसरी: वर्गणीचा जमाखर्च दर पौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर लावावा. कार्ल्याच्या दात्यांची नावे दोन हजार वर्षे वाचता येतात. आपल्या दात्यांची निदान महिनाभर वाचता यावीत.

चौथी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: परीक्षेच्या दिवसांत विहाराचे सभागृह रात्री अभ्यासासाठी उघडे ठेवावे. दिवा आणि पिण्याचे पाणी संघाने पुरवावे. येणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारावा: कितवीत आहेस?

याला फार पैसा लागत नाही. देहूरोडच्या कष्टकऱ्यांजवळ आपल्याहून पैसा कमीच होता. त्यांनी विटा रचल्या, तेव्हा आपल्याला पक्की घरे मिळतील, आपली मुले शिकून मोठ्या हुद्द्यांवर जातील, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते, की आपल्या मुलांना कोणाच्या दाराबाहेर उभे राहावे लागू नये. त्यांनी त्यांचे काम केले. आपल्या दारातून कोणाचे मूल परत जाऊ नये, हे आपले काम आहे.

ज्या मुलाची हकीकत आम्ही सांगितली, तो आज जेथे असेल तेथे सुखी असो. त्याच्यासारखा दुसरा जेव्हा येईल, तेव्हा आम्ही गप्प बसणार नाही, एवढे वचन आपल्या साक्षीने देतो आणि आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जय भीम.